ठिपक्यांची लिपी आणि तिचा वाचक

लेखनकलेचा इतिहास बहुधा लिहिणाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो वाचणाऱ्यांचाही इतिहास आहे. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे धर्मलेख कोरलेला खडक शतकानुशतके उन्हापावसात उभा होता. येणारे-जाणारे यात्रिक तो पाहत होते, पण त्यावर काय लिहिले आहे हे सांगू शकेल असा मनुष्य उरला नव्हता. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा पुरा केला आणि मग तो खडक पुन्हा बोलू लागला. लेख टिकणे ही एक गोष्ट आणि लेखाचा वाचक टिकणे ही दुसरी, हा धडा त्या खडकाने दिला आहे. हाच धडा आज एका अगदी नव्या लिपीच्या बाबतीत नव्याने शिकण्याची वेळ आली आहे.

ही लिपी म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या त्या चौकटी, ज्या वाण्याच्या दुकानात गल्ल्यापाशी, आगगाडीच्या तिकिटावर आणि औषधाच्या खोक्यावर सर्वत्र दिसतात. बहुतेक चौकटींत फारसे काही लिहिलेले नसते. त्यांत एखादा क्रमांक अथवा एखादा पत्ता असतो, आणि खरा मजकूर दूरच्या कुठल्या तरी संगणकात साठवलेला असतो. पाकिटावरील पत्ता आणि पाकिटातील पत्र यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. पत्ता लिहिण्याचे काम ही लिपी उत्तम करते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रत्यक्ष पत्रच तिच्यात लिहिता येईल काय, म्हणजे संगणकातील संपूर्ण फाईल कागदावर छापून ठेवावी आणि केवळ पाहून ती पुन्हा यंत्रात उतरवून घ्यावी असे करता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास फारसा परिचित नाही. तो मात्र अधिक उद्बोधक आहे.

या लिपीचा उगम व्यापारात आहे. १९४८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर नावाचा विद्यार्थी शिकत होता. एका किराणा कंपनीचे प्रमुख संस्थेच्या अधिष्ठात्यांकडे येऊन, गिऱ्हाइकाचा माल हिशेबात आपोआप नोंदला जाईल अशी काही युक्ती शोधून द्यावी, अशी विनंती करीत असलेले त्याच्या कानी पडले. त्याने ही गोष्ट आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलँड याला सांगितली. वुडलँडला बालवीर असताना शिकलेली तारेची मोर्स लिपी येत होती. मायामीच्या समुद्रकाठी वाळूत बसला असता त्याने त्या लिपीचे ठिपके आणि रेघा बोटांनी काढल्या, मग तीच बोटे सहज स्वतःकडे ओढली. ठिपक्याची बारीक रेघ झाली आणि रेघेची जाड पट्टी झाली. कानाने ऐकण्याची लिपी डोळ्याने पाहण्याची झाली ती अशी. १९४९ मध्ये या दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९५२ मध्ये ते मिळाले. परंतु तो संकेत वाचण्यास योग्य असा स्वस्त प्रकाश व स्वस्त संगणक तेव्हा अस्तित्वात नव्हता. पुढे लेसर आला, आयबीएम कंपनीचे जॉर्ज लॉरर यांनी पट्ट्यांची आजची मांडणी तयार केली, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमच्या एका पुडक्यावरील बारकोड प्रथम यंत्राने वाचला. कल्पना सुचल्यापासून पाव शतक लोटले होते. वाचकाविना लिपी पंगू असते याचा हा पहिला पुरावा होय.

बारकोडात क्रमांक मावे, मजकूर मावत नसे. तरीही लवकरच कोणाला तरी वाटले की रेघांत क्रमांक लिहिता येतो, तर आज्ञावली का लिहिता येऊ नये? त्या काळी घरगुती संगणक नुकतेच आले होते. मासिकांतून छापलेल्या आज्ञावल्या हौशी मंडळी रात्र रात्र बसून एकेक अक्षर हाताने यंत्रात भरीत, आणि एक स्वल्पविराम चुकला तरी सारे श्रम वाया जात. हा त्रास टाळण्यासाठी १९७६-७७ च्या सुमारास ‘बाइट’ या अमेरिकन मासिकाने काही आज्ञावल्या बारकोडच्या पट्ट्यांत छापून पाहिल्या. कागदावरून कांडी फिरवावी आणि आज्ञावली यंत्रात उतरावी, अशी ती योजना होती. १९८० च्या सुमारास ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपल्या गणकयंत्रासाठी अशीच कांडी बाजारात आणली.

यापुढचे धाडस १९८५ मध्ये कॉझिन या अमेरिकन कंपनीने केले. तिच्या ‘सॉफ्टस्ट्रिप’ पट्टीत बारीक काळेपांढरे चौकोन दाट भरलेले असत. सुमारे साडेनऊ इंच लांबीच्या एका पट्टीत पाच हजार बाइटांच्या आसपास मजकूर मावे. बाइट म्हणजे संगणकाच्या मापाने इंग्रजीचे एक अक्षर. पट्टीवर एक लांबट यंत्र ठेवले की आतला दिवा व डोळा आपणहून पुढे सरकत आणि फाईल संगणकात जाई. काही मासिकांनी अशा पट्ट्या छापल्यादेखील. पण ते यंत्र विकत घेणारे थोडे निघाले. चकत्या स्वस्त झाल्या, दूरध्वनीच्या तारेवरून फाईल पाठवणे सुरू झाले, आणि ते दशक सरण्याआधीच सॉफ्टस्ट्रिप मागे पडली. मासिकांचे ते अंक आजही ग्रंथालयांतून आहेत, छपाईही स्वच्छ आहे. मात्र वाचणारे यंत्र दुर्मिळ झाल्याने त्या पट्ट्या दीर्घकाळ मुक्या राहिल्या. अलीकडे काही हौशी अभ्यासकांनी तिची रचना उलगडून, साध्या स्कॅनरने घेतलेल्या चित्रावरून ती वाचणारी आज्ञावली लिहिली, तेव्हा कोठे त्यांना वाचा फुटली. कागदाने आपले काम चोख केले होते. खंड पडला होता तो वाचनाच्या परंपरेत.

सॉफ्टस्ट्रिपला जे साधले नाही ते एका जपानी कारखान्यातील अडचणीने साधून दिले. टोयोटा समूहातील डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर बारकोड लावीत. एका बारकोडात वीसएक अक्षरे मावत. म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार दिवसभर ते वाचून थकून जात. मासाहिरो हारा या अभियंत्याने यावर उपाय शोधण्याचे काम हाती घेतले. रेघ एकाच दिशेने मजकूर साठवते. चौकट उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी साठवू शकेल, हा त्यांचा विचार होता. ‘गो’ या जपानी बैठ्या खेळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना मांडणीचे सूचन झाले. पण पानभर छपाईत ही चौकट यंत्राने झटकन ओळखावी कशी? हारा व त्यांच्या सहकाऱ्याने पत्रके, मासिके, खोकी असा नानाविध छापील माल तपासला आणि काळ्यापांढऱ्याचे कोणते प्रमाण त्यांत सर्वांत क्वचित आढळते ते शोधून काढले. ते प्रमाण १:१:३:१:१ असे निघाले. चौकटीच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोनात चौकोन दिसतात त्यांवरून कोणत्याही दिशेने रेघ ओढली तरी हेच प्रमाण मिळते. त्यामुळे चौकट तिरपी असो वा उलटी, यंत्राला ती तत्काळ सापडते. १९९४ मध्ये हा संकेत जाहीर झाला. तत्काळ प्रतिसाद या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्यास ‘क्यूआर कोड’ असे नाव मिळाले.

कारखान्याचा कागद तेलकट व्हायचा, फाटायचा. म्हणून मजकुराचा काही भाग नष्ट झाला तरी तो पुन्हा जुळवता यावा अशी सोय या चौकटीत आहे. तिचे गणित अमेरिकेत आयर्व्हिंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्येच प्रसिद्ध केले होते. त्याचे मर्म शाळकरी भूमितीवरून कळण्याजोगे आहे. दोन संख्या पाठवायच्या असतील तर त्यांपासून एक सरळ रेषा कल्पावी आणि त्या दोन संख्यांऐवजी त्या रेषेवरचे पाच बिंदू लिहून द्यावेत. पाचांपैकी तीन पुसले गेले तरी चिंता नाही. कोणतेही दोन बिंदू उरले की रेषा पुन्हा काढता येते. एखादा बिंदू चुकीचा पडला तरी तो इतरांच्या रेषेत बसत नाही म्हणून पकडला जातो. हेच तत्त्व अधिक अवघड वक्ररेषांना लावले की रीड-सॉलोमन पद्धत होते. क्यूआर कोडात या संरक्षणाच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर सुमारे ७ टक्के आणि सर्वांत वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के संकेत बिघडला तरी मजकूर शाबूत राहतो. अर्थात संरक्षण वाढले की जागा तितकी कमी उरते.

जागा किती, हा फाईल साठवू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडात उभ्या-आडव्या १७७ घरांची चौकट असते, आणि सर्वांत खालच्या संरक्षणात तीत २,९५३ बाइट मावतात. येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा संकेत जपानात जन्मला, म्हणून जपानी चित्राक्षरांसाठी त्यात प्रारंभापासून काटकसरीची वेगळी सोय आहे. देवनागरीसाठी तशी सोय नाही. आज रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हेच गणली जातात. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द अशा अकरा चिन्हांचा, म्हणून तेहतीस बाइटांचा होतो. म्हणजे सर्वांत मोठ्या चौकटीतही देवनागरीची ९८४ चिन्हेच बसतात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांस ओवीमागे दोनशे बाइट धरले तर अठरा लाख बाइट होतात. एवढा ग्रंथ लिहिण्यास सहाशे दहाच्या आसपास चौकटी लागतील, आणि संरक्षण सर्वांत वरचे ठेवल्यास चौदाशेंहून अधिक. मजकूर आधी दाबून लहान करण्याच्या युक्त्या आहेत, त्यांनी ही संख्या बरीच उतरते. तरीही जे पोथीच्या काहीशे पानांत डोळ्यांनी वाचता येते त्याला यंत्रासाठी लिहिताना इतका पसारा लागावा, हे या लिपीच्या मर्यादेचे माप आहे.

ही मर्यादा ओलांडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग चौकटी अधिक दाट करण्याचा. २००७ मध्ये ‘पेपरबॅक’ नावाची एक मोफत आज्ञावली प्रसिद्ध झाली. चांगल्या लेसर छपाईत ए-४ मापाच्या एकाच पानावर सुमारे पाच लाख बाइट साठवता येतात, असा तिचा दावा आहे. ठिपके इतके सूक्ष्म असतात की ते पान डोळ्यांना केवळ करडे दिसते, आणि वाचण्यास मोबाइलचा कॅमेरा पुरत नाही, स्कॅनरच लागतो. दुसरा मार्ग, एकाच जागी एकामागून एक चौकटी दाखवण्याचा. त्याचे सर्वांत भव्य उदाहरण चित्रपटगृहांत होते, आणि प्रेक्षकांना त्याची वार्ताही नसे. १९९२ पासून डॉल्बी डिजिटल पद्धतीत चित्रपटाचा ध्वनी फिल्मच्या कडेच्या भोकांमधील एवढ्याशा जागेत ठिपक्यांच्या चौकटी छापून साठवला जाई. प्रत्येक चौकट ७६ गुणिले ७६ ठिपक्यांची असे आणि दर सेकंदास अशा ९६ चौकटी दिव्यासमोरून सरकत. म्हणजे सेकंदाला साडेपाच लाखांवर ठिपके वाचून त्यांचे संगीत होत असे. चित्रपटच संगणकीय झाल्यावर त्या पट्ट्यांचे दिवस संपले.

तीच युक्ती आज लहान प्रमाणात वापरतात. एका संगणकाच्या पडद्यावर क्यूआर कोड भराभर बदलत राहतात आणि दुसऱ्या यंत्राचा कॅमेरा ते टिपत जातो. दहा लाख बाइटांच्या एका छायाचित्रास सर्वांत मोठ्या ३३९ चौकटी लागतात. सेकंदास दहा टिपता आल्या तर पाऊण मिनिटाच्या आत ते छायाचित्र पलीकडे पोचते. तार नाही, रेडिओलहर नाही, मध्ये आहे तो केवळ प्रकाश. घुसखोरी होऊ नये म्हणून जी यंत्रे जाळ्यापासून मुद्दाम अलग ठेवतात, त्यांच्याशी देवघेव करण्यास हा मार्ग सोयीचा आहे, कारण जे पाठवले ते पडद्यावर उघड दिसते. यात एक अडचण होती. कॅमेऱ्याने मधलीच एखादी चौकट गाळली तर ती पुन्हा येईपर्यंत ताटकळावे लागे. मायकेल लुबी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने ती दूर झाली. या पद्धतीत फाईलचे तुकडे नाना प्रकारे एकमेकांत मिसळून पाठवतात. कारंज्याखाली भांडे धरावे, त्यात कोणते थेंब पडले याला महत्त्व नसते, भांडे भरण्याला असते. तसेच येथे पुरेशा चौकटी मिळाल्या की, त्या कोणत्याही असोत, मूळ फाईल जुळते.

हिंदुस्थानात या लिपीने पत्राचे काम केल्याची दोन उदाहरणे घरोघर आहेत. २०१८ पासून आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडात नाव-पत्त्याबरोबर त्या व्यक्तीचे छोटे छायाचित्रही साठवलेले असते. २०२१ मध्ये करोनाच्या लसीची जी प्रमाणपत्रे वाटली गेली त्यांच्या चौकटीतही प्रमाणपत्राचा मजकूर स्वतः होता. दोहोंतही मजकुरासोबत संगणकीय स्वाक्षरी असते. त्यामुळे एक अक्षर जरी कोणी बदलले तरी ते उघडकीस येते, आणि हे पडताळण्यास त्या क्षणी दूरच्या संगणकाशी संपर्क असण्याची गरज नसते. जेथे वीज-तारेचा भरवसा नाही तेथे कागद स्वतःच आपली साक्ष देतो, हे या लिपीचे खरे सामर्थ्य आहे.

मग सॉफ्टस्ट्रिप विस्मृतीत गेली आणि क्यूआर कोड सर्वत्र पसरला, याचे कारण काय? गुण हे एक कारण खरेच, पण ते पुरे पडत नाही. डेन्सोने पेटंट आपल्याकडे ठेवले, तथापि नियमांबरहुकूम बनवलेल्या संकेतांबाबत तो हक्क बजावला नाही. संकेत कसा लिहावा आणि कसा वाचावा याचे नियम उघडपणे छापले. १९९९ मध्ये ते जपानचे आणि २००० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. वाचक विकण्यापेक्षा वाचनाचा पाठ वाटण्याचे धोरण स्वीकारल्यामुळे प्रत्येक मोबाइल या लिपीचा वाचक होऊ शकला.

या प्रश्नाचे गांभीर्य मराठी समाजाला दुसऱ्या कोणी समजावून देण्याची गरज नाही. पुण्याचे पेशवे दफ्तर, इंदूरच्या होळकरांचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे व बडोद्याच्या गायकवाडांचे जुने कागद, तंजावरच्या सरस्वती महालातील दस्तऐवज हे बव्हंशी मोडीत आहेत. गोव्यातील गावसंस्थांचे काही जुने कागद गोयकानडी लिपीत आहेत. हातकागद चिवट आहे, शाई अजून काळी आहे, रुमाल बांधलेले आहेत. उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जाई. ते शिक्षण थांबल्यावर दोन पिढ्यांतच नातवाला आजोबांचे खत वाचता येईनासे झाले. मोडीला निदान मनुष्याचा डोळा पुरतो. चिकाटीने शिकणारा आजही ती शिकू शकतो आणि शिकतही आहे. ठिपक्यांच्या चौकटीपुढे मात्र नुसता डोळा आंधळाच आहे. तिचे नियम हरवले तर ती मोडीहून अधिक मुकी होईल.

ही जाणीव ठेवून केलेला एक प्रयोग उत्तर ध्रुवाजवळ आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, लाँगइयरबीन गावाजवळच्या एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत २०१७ मध्ये एक दफ्तरखाना सुरू झाला. तेथील गोठलेल्या जमिनीत पिक्ल या नॉर्वेजियन कंपनीने बनवलेली फिल्म ठेवतात आणि तिच्यावर फाईली सूक्ष्म ठिपक्यांच्या चौकटींत छापलेल्या असतात. ब्राझील व मेक्सिको या देशांच्या राष्ट्रीय अभिलेखागारांनी प्रथम आपली ठेव तेथे ठेवली. जुलै २०२० मध्ये गिटहब या कंपनीने जगभरच्या प्रोग्रामरांनी खुलेपणाने लिहिलेल्या आज्ञावल्यांचा संग्रह १८६ रिळांवर छापून त्याच खाणीत नेऊन ठेवला. एकूण मजकूर २१ टेराबाइट, आणि तो हजार वर्षे टिकावा असा संकल्प आहे. हजार वर्षांनी ठिपके शिल्लक असतील, पण ते वाचावे कसे हे सांगणारा कोण असेल? म्हणून त्या रिळांवर ठिपक्यांबरोबर मनुष्याच्या डोळ्यांना वाचता येईल असे मार्गदर्शनही छापले आहे. फिल्म उजेडासमोर धरावी, भिंगातून पाहावी आणि लिपीचे नियम समजून घ्यावेत. हे मार्गदर्शन पाच भाषांत आहे: इंग्रजी, अरबी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदी.

म्हणजे ध्रुवाजवळच्या त्या काळोख्या खाणीत, यंत्रांच्या लिपीची किल्ली म्हणून जी अक्षरे ठेवली आहेत त्यांत देवनागरीही आहे. क्यूआर कोडाने जिला वेगळी जागा दिली नव्हती त्या लिपीवर यंत्राच्या लिपीचा अर्थ सांगण्याची जबाबदारी येथे आली आहे. ज्या घराण्यांजवळ, संस्थांजवळ वा ग्रंथालयांजवळ जतन करण्याजोगे काही आहे, त्यांनी यातून घ्यावयाचा बोध अगदी साधा आहे. कागदपत्रे संगणकात घालावीत, चौकटींत छापावीत, फिल्मवर उतरवावीत, हे सारे योग्यच. परंतु ते कसे वाचावे याची चार ओळींची टीप साध्या अक्षरांत त्याच रुमालात बांधून ठेवावी, आणि पुढच्या पिढीतील एकाला तरी ती समजावून द्यावी.